घोडा, गाडी आणि 'ओनर्स रिस्क'ची पाटी

मॉल असो, हॉस्पिटल असो की मंगल कार्यालय, पार्किंगच्या गेटवर एक पाटी हमखास दिसते: 'वाहने मालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.' आपण ती वाचतो आणि मनातल्या मनात मान्यही करून टाकतो. गाडी गेली तर गेली, त्यांनी पाटी लावलीये ना!

पण पाटी लावली की जागेचा मालक सुटला, असं खरंच असतं का? हा वाद गाड्यांच्याही आधीचा आहे. घोड्यांच्या काळातला.

१५८४ साली इंग्लंडमध्ये 'कॅलीज केस' म्हणून गाजलेला एक निकाल लागला. सरायमध्ये उतरलेल्या पाहुण्याचं सामान किंवा घोडा चोरीला गेला, तर भरपाई सरायवाल्याने करायची. कारण साधं होतं. परक्या गावात प्रवाशाला दुसरा आसरा नाही, आणि काही सरायवाले स्वतःच चोरांना सामील असत. पण घोडा पाहुण्याच्याच सांगण्यावरून बाहेर कुरणात चरायला सोडला असेल, तर मात्र सरायवाला सुटला.

मग मोटारी आल्या. १९३७ च्या 'ॲश्बी विरुद्ध टॉलहर्स्ट' खटल्यात एकाने एक शिलिंग देऊन पार्किंगमध्ये गाडी लावली होती. तिथल्या माणसाने तिकीट न घेताच ती दुसऱ्याला नेऊ दिली. तरीही कोर्टाने जागामालकाला सोडलं. का, तर तुम्ही फक्त जागा वापरायची परवानगी घेतलीत, गाडी सांभाळायला दिली नव्हतीत! पुढे १९५६ च्या इंग्लिश कायद्याने हॉटेलवाल्यांच्या या जुन्या कडक जबाबदारीतून गाड्या वगळल्याच. सोबत घोडेही.

आता आपल्याकडे या. १ ऑगस्ट १९९८, रात्रीची वेळ, दिल्लीचं ताज महाल हॉटेल. एका ग्राहकाने आपली मारुती झेन चावीसकट हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि टोकन घेतलं. टोकनवर तेच: गाडी मालकाच्या जबाबदारीवर. मध्यरात्रीनंतर तो बाहेर आला तर गाडी गायब. वेगळ्या गाडीतून आलेल्या तीन पोरांपैकी एकाने डेस्कवरून झेनची चावी उचलली आणि गाडी गेटमधून सुसाट बाहेर काढली. ती पुन्हा सापडलीच नाही.

विमा कंपनीने मालकाला २ लाख ८० हजार रुपये दिले आणि मग ती आणि मालक मिळून हॉटेलवर गेले. हॉटेल म्हणालं, पार्किंग फुकट होतं, शिवाय टोकनवर लिहिलंच होतं. प्रकरण ग्राहक आयोगांमधून फिरत सुप्रीम कोर्टात पोचलं. १४ नोव्हेंबर २०१९ ला न्या. शांतनगौडर आणि न्या. रस्तोगी यांनी हॉटेलचं अपील फेटाळलं. म्हणजे एका झेनसाठी तब्बल २१ वर्षं!

निकालाचा पाया १८७२ चा आपला करार कायदा. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली, की शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. कलम १५१. इंग्लंडची ती जुनी कडक जबाबदारी कोर्टाने जशीच्या तशी उचलली नाही. पण चावी तुमच्या माणसाने घेतली, तर हलगर्जी झाली नाही हे आधी तुम्ही सिद्ध करा, असं सांगितलं. नुसत्या 'ओनर्स रिस्क'च्या ओळीमागे लपता येणार नाही. आणि फुकट पार्किंग खरं तर फुकट नसतंच, त्याचा खर्च जेवणाच्या आणि खोलीच्या बिलातून निघतोच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा निकाल चावी ताब्यात देण्याबद्दल आहे. गाडी स्वतः लावून चावी खिशात ठेवली, तर मालकाची जबाबदारी सिद्ध करणं बरंच अवघड जातं. साडेचारशे वर्षं होत आली तरी प्रश्न तोच आहे: घोडा तुम्ही कुणाच्या हातात दिलात?

म्हणून टोकन फेकू नका, पाटीसकट फोटो काढून ठेवा. आणि गाडी चोरीला गेल्यावर कुणी पाटीकडे बोट दाखवलं, तर शांतपणे विचारा: "चावी कुणाकडे होती?"