घरातील शुश्रूषा आणि इतिहासाची साधने



आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास म्हटला की गोंड राजे, निजामाची राजवट आणि १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांना आलेले वीरमरण आठवते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज अशा एका कामाविषयी बोलणार आहे, की ज्याची कागदोपत्री नोंद जवळजवळ सापडतच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातले कोणीतरी उठवते, कुशीवर वळवते, अंग पुसते, घास भरवते, ओले कपडे बदलते. यात औषधोपचार नाही. पण हे चार दिवस थांबले, तर औषधाचाही उपयोग होत नाही.

आमच्या घरी जमाखर्चाची एक जुनी वही आहे. माझी आजी १९६८ पासून सहा वर्षे पक्षाघाताने पडून होती. वैद्यांचे पैसे, मालिशीचे तेल, चादरींचे कापड, सारे त्या वहीत तारीखवार आहे. त्या सहा वर्षांत जिला एकही रात्र सलग झोप मिळाली नाही, त्या माझ्या आईचे नाव मात्र एकदाही येत नाही. वही वडिलांच्या हातची. ते कृतघ्न नव्हते. त्यांना तो खर्च वाटलाच नाही.

कायद्याची वहीही फारशी निराळी नाही. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले, किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. त्याच वर्षाअखेर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू झाला. वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाचे बंधन त्याने मुलांवर घातले. पण निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल व उपचार. आपले गोंड व कोलाम बांधव तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. पुढे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांची नावे घेतली. उशाशी बसते ती बहुधा सून! तिच्यावर सक्ती नाही हे एका परीने बरेच झाले. परंतु तिची दखलही नाही.

पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून स्त्रियांना ज्या कामांचे शिक्षण मिळवून दिले, त्यांत रुग्णसेवाही होती. तेथे या कामाला वेतन व प्रतिष्ठा लाभली. मात्र ती रुग्णालयात. घराच्या माजघरात ते कर्तव्यच राहिले.

तेलंगणात २०१४ साली 'आसरा' निवृत्तिवेतन आले. नाव मराठी कानालाही ओळखीचे. वृद्धांना व विधवांना दरमहा १००० रुपये, दिव्यांगांना १५००. २०१९ मध्ये ते २०१६ व ३०१६ झाले. ज्याच्या नावे पैसे येतात, त्या म्हाताऱ्याशी घरात जरा बरे बोलले जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. सांभाळ करणारीच्या नावे मात्र काही येत नाही.

आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले त्या २०१६ सालीच दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा संमत झाला. मोबदला घेऊन वा न घेता सांभाळ करणारी व्यक्ती, त्यात कुटुंबीयही आले, अशी व्याख्या त्यात आहे. ज्यांना अधिक आधार लागतो त्यांच्या सांभाळासाठी भत्त्याचाही उल्लेख आहे. माझ्या दृष्टीने त्या कलमाचे महत्त्व एखाद्या ताम्रपटाहून कमी नाही.

तेव्हा माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी कोणी कोणाचे केले, किती वर्षे, रात्रीतून किती वेळा उठून, हे त्या स्त्रीला विचारून लिहून घ्यावे. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, घरात जी भाषा असेल तीत. माझ्या आईला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मोजलं कोणी?"