काम एकत्र, वर्ग मात्र वेगळे

नागपूर जिल्ह्याचा नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. याच तालुक्यात वर्धा नदीच्या काठी मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीला आलेल्या महापुरात तेथील दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुराचे पाणी ओसरते, पण आरोग्ययंत्रणेची परीक्षा त्यानंतरच सुरू होते.

पूर ओसरल्यावर कोणत्याही गावात काय करावे लागते ते पाहू. विहिरींत गाळ आणि मैला शिरलेला असतो. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. म्हणजे पाणी झाले सुमारे २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर साधारणपणे हजार लिटरला २.५ ग्रॅम लागते; म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. तासाभरानंतर दर लिटर पाण्यात निदान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही, कारण गाळातील सेंद्रिय द्रव्ये बराच क्लोरीन खाऊन टाकतात.

हे काम आरोग्यसेवकाचे. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, हे घरोघरी जाऊन दाखवते आरोग्यसेविका. नमुना तपासतो प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधांचा साठा पाहतो औषधनिर्माता आणि रोगाचे निदान करतो डॉक्टर. यांपैकी एकाचा जरी दुसऱ्याशी मेळ बसला नाही, तरी साथ पसरायला वेळ लागत नाही. डॉक्टर जुलाब थांबवतील, पण विहीर तशीच राहिली तर तोच रुग्ण आठवड्याने पुन्हा दारात उभा राहील.

आता प्रश्न असा, की ही सर्व मंडळी शिकली कुठे? प्रत्येक जण वेगळ्या संस्थेत, वेगळ्या पुस्तकांतून शिकला. त्यांची पहिली भेट होते ती थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि तीही वरिष्ठ-कनिष्ठ या नात्याने.

हा दोष जुनाच आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपल्या अहवालात ग्रामीण आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली. डॉक्टरला रोगाबरोबर समाजही समजला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घेते. वर्ग गावात गेला, हे मोठे पाऊल होते. पण त्या वर्गात बसणारे विद्यार्थी होते वैद्यकाचेच. १९७७ साली केंद्र सरकारने वैद्यकीय महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याची योजना आखली. तिचाही रोख होता भावी डॉक्टरांवरच.

खरा वेगळा प्रयोग झाला तो जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. प्रथम त्यांनी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या; तो बेत फसला. मग गावानेच निवडलेल्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून पुढे आल्या. त्यांतील अनेक जणींना लिहिता-वाचताही येत नव्हते. या स्त्रिया ठराविक दिवशी जामखेडला जमत आणि डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक यांच्याबरोबर बसून शिकत. कोणत्या घरातली बाळंतीण काय खाते आणि का खात नाही, हे त्यांना ठाऊक असे. ते डॉक्टरांना त्यांच्याकडूनच शिकावे लागे. येथे शिकणे दोन्ही बाजूंनी होते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हीच गरज जगात इतरत्रही जाणवत होती. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे १९८६ पासून वैद्यक, परिचर्या, भौतिकोपचार अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या प्रारंभी एकत्र शिकू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ साली या विषयावर अहवाल काढला आणि २०१० साली त्याचा आराखडा दिला. त्याचे सूत्र साधे आहे : परस्परांसोबत, परस्परांकडून आणि परस्परांविषयी शिकणे. नुसते एका सभागृहात बसून व्याख्यान ऐकणे यात मोडत नाही.

आपल्याकडे १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या या शाखा एका विद्यापीठाखाली आल्या. परंतु विद्यापीठ एक झाले म्हणून वर्ग एक होत नाही. सेवाग्रामने वर्ग गावात नेला, जामखेडने वर्गातली उतरंड मोडली आणि नाशिकने निरनिराळ्या शाखांना एक छप्पर दिले. या तिन्ही गोष्टी एकत्र आणणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रासारखी दुसरी शाळा नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. तेथील प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायला सांगा : तुम्ही हे काम कुठे शिकलात? आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून काय शिकलात? पहिल्या प्रश्नाची उत्तरे मुले वहीत भराभर लिहून घेतील. दुसऱ्या प्रश्नावर क्षणभर शांतता पसरली, तर आम्हाला काय म्हणायचे आहे ते त्यांना आपोआप समजेल.