प्रतिनिधी कोणाचा? महाडचा दावा आणि भोपाळची तडजोड

१

सामूहिक दावा हा शब्द मी पहिल्यांदा घरातच ऐकला. मी तेव्हा नववीत होतो. वडील तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार होते. किमान वेतनाचा फरक मिळावा म्हणून त्रेचाळीस कामगारांनी मिळून दावा लावला होता. वकिलाने एका झाडाखाली बसून सगळ्यांच्या वकीलपत्रांवर सह्या आणि अंगठे घेतले. वडिलांनी विचारले, "साहेब, माझे खाडे कमी हायेत. माझी हजेरी येगळी बघा की." वकील म्हणाला, "तुमचं सगळ्यांचं प्रकरण एकच आहे. अंगठा लावा."

वडिलांना लिहिता येत नव्हते; पण कामावर गेलेल्या प्रत्येक दिवशी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर काट मारीत. अशी अकरा वर्षांची अकरा कॅलेंडरे आईने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ती कोणी मागितली नाहीत. चौथ्या वर्षी कंत्राटदाराशी तडजोड झाली. अकरा वर्षे राबलेल्याला जेवढे मिळाले तेवढेच दोन वर्षे राबलेल्यालाही मिळाले. तडजोड झाल्याचे आम्हांला पैसे वाटायच्या दिवशी कळले.

आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि तो दावा मला पुन्हा पुन्हा आठवतो. अनेकांच्या वतीने जेव्हा एक जण न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्या अनेकांच्या मागणीची छाननी कोण करतो? ती तडजोडीपूर्वी होते की नंतर? हा प्रश्न वकिलांवर सोडून देण्याजोगा नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात तो थेट महाडपासून उभा आहे.

२

महाडच्या सत्याग्रहावर आपण भाषणे करतो, जयंत्या साजऱ्या करतो. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, स्पृश्यांनी परिषदेच्या लोकांवर हल्ला केला, नंतर शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले, हे सर्वांना ठाऊक आहे. २५ डिसेंबर १९२७ला मनुस्मृती जाळली, हेही ठाऊक आहे. पण त्याच महिन्यात महाडच्या दिवाणी न्यायालयात जो दावा दाखल झाला आणि जो सुमारे दहा वर्षे चालला, त्याच्याविषयी आपले कार्यकर्ते फारसे बोलत नाहीत. वास्तविक तो प्रतिनिधिक दाव्याचा धडा आहे.

१९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पहिल्या आदेशाचा आठवा नियम आहे. जिथे पुष्कळ लोकांचे हितसंबंध एकच असतात, तिथे न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्यापैकी एक किंवा काही जण सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात. तसेच काही जणांना सर्वांचे प्रतिनिधी मानून त्यांच्यावर दावा लावता येतो. मात्र बाकीच्यांना नोटीस दिली पाहिजे, आणि ते शक्य नसेल तर जाहीर सूचना दिली पाहिजे. महाडच्या काही स्पृश्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा लावला तो गावच्या सर्व सवर्ण हिंदूंच्या वतीने, आणि प्रतिवादी केले ते बाबासाहेब व त्यांच्या काही सहकाऱ्यांना, अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. ज्या समाजाला गावाच्या सभेत बसू दिले जात नव्हते, त्याचा प्रतिनिधी कोण हे ठरवताना वाद्यांना बाबासाहेबांचेच नाव लिहावे लागले!

या दाव्याची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४च्या जानेवारीत तळे खुले केले. ते कागदावर खुले झाले, घाटावर बंदच राहिले. सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तो ठरावही फिरवला. पुढे डिसेंबरात सत्याग्रहाची हाक गेली तेव्हा वाद्यांनी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमली असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. त्या दिवशी पुष्कळांचा हिरमोड झाला. पण प्रतिवादी क्रमांक एक हा स्वतः बॅरिस्टर होता. हुकूम मोडला तर वाद्यांची बाजू आपोआप बळकट होते, आणि लढाई सरकारशी जुंपते, हे त्याने ओळखले होते. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. दावा मात्र चालू राहिला.

३

आता वाद्यांची मागणी नेमकी काय होती ते पाहू. तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क आम्हांलाच आहे, आणि अस्पृश्यांना तो नाही. तसे जाहीर करावे आणि त्यांना कायमची मनाई करावी. मागणी एकाच वाक्यात मावते, पण तिच्यात तीन वेगवेगळे दावे दडलेले आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. मालकीला दस्तऐवज लागतो. वहिवाटीला साक्षीदार लागतात. आणि ती वहिवाट कायद्याने मानावी इतकी प्राचीन आहे, अनादी आहे, असे म्हणायचे तर साक्षीदाराच्या आठवणीच्याही पलीकडचा पुरावा लागतो.

मालकीचा दावा सर्वांत आधी ढासळला. तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि कायद्यानेच ते नगरपालिकेकडे निहित झालेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तोवर वाद्यांनीच हा मुद्दा सोडून दिला होता. मग जागेची पाहणी आली. तळे चार-पाच एकरांचे. चोहोबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, त्यांपलीकडे सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरे. काठावरच्या जमिनीचे तुकडे, घाट आणि बांध पुष्कळदा या घरमालकांचे. अस्पृश्यांची वस्ती जवळपास कुठेच नाही. तळे कोणी खोदले, केव्हा खोदले, याचा पुरावा नाही. ते किमान अडीचशे वर्षांचे आहे एवढेच दोन्ही बाजूंना मान्य.

अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु 'ते भरत नव्हते' आणि 'त्यांना भरण्याचा हक्क नव्हता' ही दोन विधाने एक नाहीत. भोवती सवर्णांची घरे, वस्ती दूर, मनात पिढ्यान्‌पिढ्यांचे भय. अशा स्थितीत कोणी पाण्याला गेला नाही, तर त्यावरून प्राचीन रूढी सिद्ध होत नाही. नगरपालिका येण्यापूर्वीच्या काळी बहिष्कार रूढी म्हणून अस्तित्वात होता, असे दाखवणारा पुरावा वाद्यांकडे नव्हता. देवळांच्या खटल्यांचे दाखले त्यांनी दिले. पण देऊळ विशिष्ट जातींसाठी अर्पण झाले असे अनुमान जसे निघू शकते, तसे उघड्या आभाळाखालच्या तळ्याबाबत निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला. ठाण्याला अपील झाले. तेही ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्यापुढे वाद्यांचे द्वितीय अपीलही निकालात निघाले.

हा विजय आहे, पण कशाचा विजय आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता अन्यायाची आहे असे म्हटले नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी वा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय हे पाहावे लागले असते, पण ती सिद्धच झाली नाही, एवढ्यावर न्यायालय थांबले. म्हणजे आपण समतेच्या तत्त्वावर जिंकलो नाही. वाद्यांच्या दाव्याची पायरी-पायरीने छाननी झाली आणि तो आतून पोकळ निघाला म्हणून जिंकलो. तत्त्व घटनेत यायला आणखी बारा वर्षे लागली. ज्या मागणीमागे हजार वर्षांच्या परंपरेचा गर्व होता, तिला 'पुरावा दाखवा' या दोन शब्दांनी निरुत्तर केले. आणि मधल्या दहा वर्षांत आपल्या बाजूने 'वेगळा घाट द्या, प्रकरण मिटवू' असल्या पाण्याच्या वाटणीवर हा दावा मिटला नाही, हेही विसरता कामा नये.

४

आता दुसरे चित्र. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कारखान्याला लागून असलेल्या झोपडपट्ट्यांत राहणारी गरीब माणसे सर्वाधिक मेली: रोजंदारीवरची, विडी वळणारी, हमाल. शहराच्या कडेला, धोक्याच्या शेजारी कोणाला जागा मिळते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

थोड्याच दिवसांत अमेरिकेतले वकील भोपाळात उतरले आणि अंगठे गोळा करू लागले. अमेरिकेच्या न्यायालयांत शंभरावर दावे दाखल झाले. १९८५च्या मार्चमध्ये भारतीय संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा एकमेव हक्क केंद्र सरकारकडे घेतला. हेतू चांगला असेल. पण परिणाम असा झाला की ज्याचे फुप्फुस जळाले त्याला स्वतःच्या नावाने उभे राहता येईना. १२ मे १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या न्या. कीनन यांनी हे प्रकरण भारतात चालावे असे ठरवले. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात सरकारने तीनशे कोटी डॉलरहून अधिक भरपाई मागितली.

अशा दाव्यात छाननी कशी व्हायला हवी? प्रत्येक पीडिताची वैद्यकीय तपासणी, रुग्णालयाचे कागद, कमाईचा अंदाज, मृतांची नोंद, आणि पुढे वर्षानुवर्षे उद्भवणारे आजार. सर्वांची तपासणी लगेच शक्य नसेल तर निदान नमुन्यादाखल पुरेशा लोकांची तपासणी करून एकूण हानीचा आकडा बांधायचा. प्रतिपक्षाचे कागद मागवायचे: टाकी कशी होती, सुरक्षायंत्रणा का बंद होती, कंपनीला काय माहीत होते. हे सारे झाल्यावरच तडजोडीच्या आकड्याला अर्थ येतो. त्यापूर्वीचा आकडा म्हणजे न मोजलेल्या धान्याचा भाव.

भोपाळात वैद्यकीय वर्गवारी चालू होती, पुरी झालेली नव्हती. दावा पुराव्यापर्यंत पोचलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयापुढे होता तो अंतरिम मदतीचा वाद. त्यातच १४ व १५ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर संपूर्ण प्रकरण मिटवण्यात आले, फौजदारी खटल्यांसह. पीडितांना विचारले नाही. ४ मे १९८९च्या आदेशात न्यायालयाने आपला हिशेब सांगितला: मृत्यू ३,०००, कायम अपंगत्व ३०,०००, तात्पुरते अपंगत्व २०,०००, अतिगंभीर इजा २,०००, किरकोळ ५०,०००. सारे मिळून लाखभर माणसे. पुढे प्रत्यक्ष दावे निकालात निघाले तेव्हा पाच हजारांहून अधिक मृत्यू आणि साडेपाच लाखांहून अधिक पीडित मान्य करावे लागले. रक्कम तीच, वाटेकरी पाचपट. बहुतेक जखमींच्या हातात २५ हजार रुपये पडले आणि २००४नंतर पुन्हा तेवढेच.

आणखी एक गोष्ट. १९७६च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत असा नियम आला होता की प्रतिनिधिक दाव्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येणार नाही, आणि परवानगीपूर्वी ज्यांचे हित गुंतले आहे त्यांना नोटीस दिली पाहिजे. म्हणजे तत्त्व पुस्तकात होते. डिसेंबर १९८९मध्ये न्यायालयानेच मान्य केले की पीडितांना सुनावणी द्यायला हवी होती. पण फेरविचाराच्या वेळी ती मिळेल, म्हणून तेवढ्याने तडजोड मोडण्याचे कारण नाही. ऑक्टोबर १९९१च्या निकालात फौजदारी खटले पुन्हा उभे राहिले, रक्कम मात्र तीच राहिली. ती वाढावी म्हणून सरकारने २०१०मध्ये केलेली याचिकाही १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. छाननी आधी झाली नाही, म्हणून नंतरची छाननी निरुपयोगी ठरली.

५

महाड आणि भोपाळ यांची तुलना कोणाला ओढूनताणून केलेली वाटेल. एकीकडे पाण्याचा हक्क, दुसरीकडे भरपाई. पण मला दोन्हींत एकच प्रश्न दिसतो. महाडला प्रतिनिधी समाजातून आला होता, समाजाला उत्तरदायी होता, आणि प्रतिपक्षाचा प्रत्येक शब्द त्याने पुराव्याच्या तराजूत तोलायला लावला. भोपाळात प्रतिनिधी कायद्याने वरून नेमला गेला. तोच कारखान्याला परवाने देणारा, तोच वकील, आणि तडजोडीवर सही करणाराही तोच. प्रतिनिधित्वाचा प्रश्न आपण निवडणुकीपुरता पाहतो. तो न्यायालयाच्या पायरीवरही तितकाच जिवंत असतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो. वस्तीतला, कारखान्यातला, धरणग्रस्तांचा दावा लागला की वकीलपत्रावर अंगठा लावण्यापूर्वी एक वही घाला. प्रत्येकाचे नाव, कामाचे दिवस, कागद, कागद नसेल तर साक्ष. तडजोडीचा मसुदा आला की तो वस्तीत मोठ्याने वाचा, आकडा कशावरून काढला ते विचारा, आणि नोटीस मिळाली नसेल तर न्यायालयाला तसे लेखी कळवा. पदवीधर झालेल्या आपल्या पोरापोरींना यापेक्षा मोठे काम कोणते?

वडील गेले. कॅलेंडरे अजून पेटीत आहेत. मागच्या सुट्टीत मी त्यांवरच्या काटा मोजल्या: ३,३१८ दिवस. कंत्राटदाराच्या कागदावर यातला एकही दिवस वडिलांच्या नावावर नाही.