तलवाड्याचा गोळीबार (१९४५) आणि खबरीचा प्रश्न

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड, आंबिवली व टिटवाळा हीं स्थानकें ओळीनें लागतात. आंबिवलीलगतचें उल्हास नदीकांठचें मोहने गांव पुढें रेयॉनच्या कारखान्यामुळें प्रसिद्धीस आलें. तो कारखाना २००९ सालीं बंद पडला. टिटवाळें महागणपतीच्या देवालयामुळें सर्वांस ठाऊक आहे; परंतु जानेवारी १९४५ मध्यें तेथें भरलेली महाराष्ट्र प्रांतिक किसान सभेची परिषद मोहन्या-टिटवाळ्याच्या रहिवाशांपैकींहि फारच थोड्यांस आठवते. प्रस्तुत लेखक मोहन्याचाच, व त्यासहि ती हकीकत गांवांत नव्हे, पुस्तकांत प्रथम कळली. या परिषदेस उंबरगांव तालुक्यांतून कांहीं वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा हे होते. आपल्या मुलुखांत वेठ कशी चालते हें त्यांनीं हजारों अनोळखी कुणब्यांपुढें उभें राहून सांगितलें. वारल्यांनें भरसभेंत उभें राहून बोलणें ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. त्यानंतर नऊ महिन्यांनीं, १० व ११ ऑक्टोबर १९४५ रोजीं, डहाणू-उंबरगांव भागांतील तलवाडा येथें पोलिसांनीं वारल्यांच्या जमावावर गोळ्या झाडल्या. त्यांत जेठ्या गांगड व आणखी चार असे पांच वारली मरण पावले.

या प्रसंगाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक चळवळीच्या अंगानें लिहिलें गेलें आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. पोलिसांस तेथें जाण्याची खबर कोणीं दिली, वारल्यांस जमण्याची खबर कोणीं दिली, आणि दोन्ही पक्षांनीं ती खरी कां मानली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. आमच्या मतें तलवाड्याचें मर्म गोळ्यांच्या संख्येंत नसून या खबरींत आहे.

प्रथम मुलुखाची स्थिति पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांतील वारल्यांच्या जमिनी हळूहळू सावकार व जमीनदार यांच्या हातीं गेल्या आणि पूर्वींचे कसणारे मालक खंडकरी झाले. खंडाशिवाय मालकाच्या खाजगी शेतावर फुकट राबणें, त्याचें गवत कापणें, लांकूड वाहणें हें सर्व वेठींत मोडे. लग्नाकरितां काढलेलें कर्ज फेडण्यास जो नवरा-बायकोसह सावकाराच्या घरीं राबे त्यास ‘लग्नगडी’ म्हणत. हें राबणें पुष्कळदां जन्मभर संपत नसे. १९३९ सालीं सिमिंग्टन या मुलकी अधिकाऱ्याचा आदिवासी जातींविषयींचा अहवाल प्रसिद्ध झाला. किसान सभेनें या जिल्ह्यांत पाऊल ठेवण्यापूर्वीं कित्येक वर्षें हा अधिकारी लिहून गेला कीं, वेठीच्या दिवशीं मिळणारा मोबदला एक आणा किंवा एका माणसास एका वेळेस जेमतेम पुरेल एवढा तांदूळ असा असतो, आणि येण्यास नकार देणाऱ्यास मार बसतो. हा साक्षीदार सरकारचाच असल्यामुळें त्याची साक्ष आम्हांस विशेष मोलाची वाटते.

आतां असा मार खाल्लेल्या वारल्यानें कोणाकडे जावें? १८६७ च्या मुंबई ग्राम-पोलीस कायद्यानें गांवच्या पोलिसाचें काम पाटलाकडे दिलेलें होतें. गांवांत जमलेला जमाव, आलेला परका, घडलेला गुन्हा यांची खबर वर पोंचविणें हें त्याचें मुख्य कर्तव्य. देशावरील जुन्या गांवगाड्यांत पाटील हा गांवाचा माणूस असे. त्यास गांवाची भीड असे. परंतु जेथें सगळी जमीन एका-दोघां मालकांची, तेथें पाटीलहि मालकाच्या शब्दाबाहेर जाऊं शकत नसे. फौजदार दौऱ्यावर आला तर उतरण्याची सोय मालकाच्या वाड्यावर, जेवण तेथेंच, दुभाषाहि तेथलाच कारकून, कारण वारल्यांची बोली बाहेरच्या अधिकाऱ्यास सहसा कळत नसे. यांत लांच घेतलाच पाहिजे असें नाहीं. अगदीं सचोटीचा फौजदार घेतला तरी तो मुलूख मालकाच्या ओसरीवरूनच पाहात होता.

पोलिसांवर लोकांचा भरंवसा नाहीं हें सरकारास ठाऊक नव्हतें असें मात्र म्हणतां येत नाहीं. १९०२-०३ सालीं फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या पोलीस कमिशनानें हें खातें लोकांत भ्रष्ट व जुलमी समजलें जातें, आणि लोकांचा विश्वास व मनापासूनचें साह्य मिळविण्यांत तें पुरतें अपयशी ठरलें आहे, असा निष्कर्ष स्वच्छ शब्दांत नमूद केला. त्याच्याहि आधीं, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमानें पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यांत घेऊं नये असें ठरविलें होतें. (तोच नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या पुरावा-कायद्यांत २३ वें कलम म्हणून कायम आहे.) म्हणजे कोठडींत माणूस पोलिसाजवळ काय बोलला हें सांगण्याच्या कामीं न्यायाधीशानें पोलिसावर विश्वास ठेवूं नये, असें खुद्द कायदाच सांगतो. उघड्या मैदानावर जमाव कसा होता हें सांगण्याच्या कामीं मात्र त्याच पोलिसाचा शब्द बहुधा शेवटचा ठरे. हा विरोध वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

२३ मे १९४५ रोजीं उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें सुमारें पांच हजार वारली जमले आणि वेठ करावयाची नाहीं असा ठराव झाला. पावसाळा सरल्यावर गवताची कापणी आली. हें गवत मुंबईच्या बाजारांत जाई व मालकांस त्यांत मोठा नफा असे. पांचशें रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मिळाले पाहिजेत अशी मागणी करून वारल्यांनीं काम थांबविलें. कापणी लांबली तर गवत वाळून जाणार. तेव्हां मालकांस घाई होती व वारल्यांस नव्हती. असा योग त्या मुलुखांत पूर्वीं क्वचितच आला असेल.

यापुढची हकीकत शामराव परुळेकर यांच्या १९४७ सालच्या इंग्रजी पुस्तकावरून व गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हां माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथावरून कळते. तिचा सारांश असा. १० ऑक्टोबरच्या सुमारास पाड्यापाड्यांवर निरोप गेला कीं, गोदूताईंची तलवाड्यास सभा आहे, मालकांचे गुंड त्यांच्या जिवावर उठले आहेत, तरी सर्वांनीं हत्यारांसह यावें. अशी सभा ठरलेलीच नव्हती. निरोप मालकांच्या हस्तकांनीं पसरविला होता. दुसरीकडे मालकांनींच अधिकाऱ्यांस कळविलें कीं, वारली हत्यारें घेऊन जमत आहेत व दंगा होणार आहे. पोलीस आले तों हजारों माणसें जमलेलीं दिसलीं. गोळीबार सुरू झाला, आणि तो थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. लोक लाल बावट्याभोंवतीं बसून राहिले. गोदूताईंस सोडून कसें जावयाचें, ही त्यांची समजूत.

हें कथन चळवळीच्या पुढाऱ्यांचें आहे, तेव्हां त्यांतील जमावाचे व तासांचे आंकडे जसेच्या तसे घेण्याचें कारण नाहीं. तीस हजारांचा आंकडा तर आम्हांस वाढीव वाटतो. परंतु मुख्य गोष्टीचा मेळ अन्य बाबींशीं बसतो. संप जोरांत असतां, मजुरीचा दर एवढाच वादाचा विषय असतां, कापणारे आपण होऊन रात्रीच्या वेळीं एका जागीं गोळा होण्याचें दुसरें कारण दिसत नाहीं. शिवाय दंगलीस निघालेला जमाव एका ठिकाणीं बसून राहात नाहीं. बसून राहतो तो कोणाचें तरी रक्षण करावयास आलेला.

जमाव सशस्त्र होता, या म्हणण्यावर गोळीबाराचें समर्थन झालें. वारली पुरुषाच्या कमरेस कोयता असतोच. लांकूड, गवत, वेल, ताडाचा झाप, सर्व त्यानेंच तोडावयाचें. ब्राह्मणाच्या गळ्यांतील जानव्याइतका तो त्याच्या अंगचा. ज्या अधिकाऱ्यास हें ठाऊक आहे त्यास हजार कोयते म्हणजे हजार माणसें एवढेंच दिसेल. ज्यास ठाऊक नाहीं त्यास हजार हत्यारें दिसतील. तेव्हां लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत जमाव पांगविण्याचीं कलमें १२७ ते १३२ हीं होतीं. त्यांतील एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शक्य तितकें कमी बळ वापरावें व कमींत कमी इजा करावी, हे शब्द त्या कायद्यांत लष्करी अधिकाऱ्याविषयींच्या १३० व्या कलमांत आहेत. पोलिसांविषयींच्या १२८ व्या कलमांत ‘बळानें पांगवावें’ एवढेंच आहे. आणि १३२ व्या कलमान्वयें सरकारच्या मंजुरीवांचून त्या कृत्याबद्दल खटला चालत नसे.

येथें पुण्याच्या घाशीराम कोतवालाची आठवण होणें साहजिक आहे. ऑगस्ट १७९१ मध्यें दक्षिणेकरितां आलेले तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेजवळ उतरले असतां त्यानें त्यांस एका कोंदट जागीं कोंडलें. वीसांहून अधिक गुदमरून मेले. हे चोर होते, असें त्यानें दरबारांत कळविलें. नाना फडणीस बहुधा तें मानलेहि असते, कारण चौदा वर्षें शहराची खबर त्यांस याच माणसाकडून येत होती. परंतु मानाजी शिंदे फांकडे यांनीं कुलूप फोडून प्रेतें बाहेर काढलीं, आणि मग कोतवालाचा शब्द व प्रेतें दोन्ही दरबारापुढें आलीं. ३१ ऑगस्ट रोजीं जमावानें घाशीरामास दगडांनीं ठेंचून मारलें. त्यास न्याय म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. कोतवालाच्या खबरीवर अंकुश ठेवणारी दुसरी वाट दरबारानें चौदा वर्षांत केली नाहीं, त्याची ती किंमत होती. तलवाड्यास कुलूप फोडणारा फांकडा कोणी नव्हता. मुंबई प्रांतांत तेव्हां मंत्रिमंडळहि नव्हतें. १९३९ पासून गव्हर्नराचा एकहातीं कारभार चालू होता.

गोळीबारानें संप मोडला नाहीं. परुळेकरांच्या कथनानुसार त्याच हंगामांत मालकांस अडीच रुपयांचा दर मान्य करावा लागला. निरोप कोणीं धाडला हें कळल्यावर वारल्यांनीं एक नवी रीत घातली असें दिसतें: किसान सभेच्या ओळखीच्या माणसाकडून आल्याखेरीज कोणताहि निरोप खरा मानावयाचा नाहीं. पोलिसांनीं मात्र आपल्या खबरीची वाट बदलली नाहीं.

एप्रिल १९४६ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. खेर हे आदिवासींचे खरे हितचिंतक; आदिवासी सेवा मंडळ त्यांच्याच पुढाकारानें निघालें होतें, आणि सिमिंग्टनचा अहवालहि त्यांच्याच पहिल्या कारकीर्दींतला. मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर जंगलकामाच्या मजुरीवरून पुन्हां संप झाला, तेव्हां परुळेकर पतिपत्नींस ठाणें जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. आणि ७ जानेवारी १९४७ रोजीं पालघर तालुक्यांत नानिवली येथें पुन्हां गोळीबार झाला. मंत्री नवे होते, लोकांनीं निवडलेले होते. त्यांच्यापर्यंत खबर येण्याची वाट तीच राहिली होती: मालकाची ओसरी, पाटील, फौजदार, कलेक्टर.

तो सर्व मुलूख आतां ठाणें जिल्ह्यांत नाहीं. उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग १९६० सालीं गुजरातेंत गेला, तलासरी-डहाणू १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. ऑक्टोबरच्या १० तारखेस तेथें वारली दरवर्षीं जमतात, आणि जेठ्या गांगड यांचें नांव घेतलें जातें.