मोटारीतला सूर आणि माध्यमांची भाऊबंदकी

१/ पेनड्राइव्ह गाण्यांनी भरलेला असतो, मोटारीच्या पडद्यावर मात्र ‘फाइल चालू शकत नाही’ असे उमटते. ही तक्रार संगणकयुगाची वाटते. वास्तविक ती १९५६ सालाइतकी जुनी आहे. कोणते माध्यम कोणत्या यंत्रात वाजावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? त्या प्रश्नाचा हा इतिहास. #धागा

२/ आरंभी हा पेच नव्हता. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कंपनीने ‘मोटोरोला’ नावाचा मोटार-रेडिओ बाजारात आणला. रेडिओच्या लहरी कोणत्याही संचाला सारख्याच. उणीव एकच: गाणे केंद्र निवडणार, श्रोता नव्हे.

३/ ती उणीव भरून काढण्यासाठी क्रायस्लर कंपनीने १९५६च्या मोटारींत ‘हायवे हाय-फाय’ ही चक्क तबकडी वाजवणारी यंत्रणा बसवली. ती सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांची निर्मिती. तबकडी सात इंचांची, वेग मिनिटाला १६⅔ फेरे, खाचा अतिसूक्ष्म. एका बाजूला सुमारे ४५ मिनिटांचे संगीत मावे.

४/ अभियांत्रिकी अप्रतिम, व्यवहार अडचणीचा. या तबकड्या केवळ कोलंबिया कंपनी काढत असे. घरातला संग्रह मोटारीत वाजेना आणि मोटारीतली तबकडी घरच्या नेहमीच्या यंत्रावर चालेना. काही वर्षांतच हा प्रयोग गुंडाळावा लागला. विसंगत माध्यमाने घेतलेला हा मोटारीतला पहिला मोठा बळी.

५/ पुढे बिल लिअर यांची ‘आठ-ट्रॅक’ टेप आली. फोर्डने ती १९६६च्या मॉडेलांत दिली. फीत अखंड फिरणारी, म्हणून ती उलटी गुंडाळता येत नसे. कधी कधी तर गाण्याच्या मध्यावरच ट्रॅक बदले. अमेरिकेत ती गाजली, पण टिकली नाही.

६/ टिकली ती कॅसेट. लू ओटेन्स यांच्या नेतृत्वाखाली घडलेली ही डबी फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे इतर उत्पादकांना विनामूल्य परवाना दिला. प्रमाण एकच राहिले, म्हणून एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात वाजली. भारतात १९८०च्या दशकात याच स्वस्त डबीने ध्वनिमुद्रणातील जुनी मक्तेदारी मोडली. प्रादेशिक लोकगीते आणि भक्तिगीते काढणारे लहान निर्माते पुढे आले.

७/ १९८२ साली सीडी आली आणि दोनच वर्षांत ती मोटारीतही पोहोचली. मग जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी घडवलेले एमपी३ तंत्र आले. ‘.mp3’ हे शेपूट १४ जुलै १९९५ रोजी निश्चित झाले. आता एक नवीच गंमत: एमपी३ भरलेली सीडी डोळ्यांना जुन्या सीडीसारखीच दिसे, पण जुने यंत्र तिच्यापुढे मुके होई. तबकडी तीच, तिच्यावरची लिपी निराळी!

८/ आजचा पेनड्राइव्ह तीन दारांतून आत जातो. पहिले दार साठवणीच्या रचनेचे: अनेक मोटारी फॅट३२ ओळखतात, एनटीएफएस ओळखतीलच असे नाही. शिवाय फॅट३२मध्ये एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून, म्हणजे सुमारे ४ जीबीहून, मोठी मावत नाही. दुसरे दार वेष्टनाचे, म्हणजे एमपी४ वगैरे. तिसरे त्या वेष्टनातल्या सांकेतिक लिपीचे, अर्थात कोडेकचे. एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एक चालते, दुसरी नाही. त्याचे कारण बहुधा या तिसऱ्या दाराशी सापडते. नुसते शेपूट बदलून लिपी बदलत नाही.

९/ पडद्याचीही कथा आहे. १९८६च्या ब्यूइक रिव्हिएरा मोटारीत स्पर्शाने चालणारा हिरवट पडदा होता, तोही चित्रनलिकेचा! साध्या कामासाठीही नजर रस्त्यावरून हटते, ही तक्रार तेव्हाचीच. १९९०च्या मॉडेलात तो पडदा उरला नाही. आजच्या पडद्यांवर बहुधा चकाकी रोखणारा नाजूक लेप असतो. अमोनियायुक्त काचद्रवाने तो खराब होऊ शकतो. म्हणून पडदा बंद करावा, मऊ मायक्रोफायबर कापड पाण्याने किंचित ओलसर करावे आणि हलक्या हाताने पुसावे. द्रव थेट पडद्यावर फवारू नये. तो कडांतून आत झिरपतो.

१०/ या सत्तर वर्षांचे तात्पर्य काय? गुणवत्तेत कॅसेट श्रेष्ठ नव्हती. ती सर्वांसाठी खुली होती, म्हणून जिंकली. एमपी३चा परवाना-कार्यक्रमही २०१७ साली संपला. आज ते तंत्र जवळपास प्रत्येक यंत्राला अवगत आहे.

११/ मित्रहो, घरातल्या माळ्यावर आजोबांच्या आवाजाची किंवा गावच्या भजनी मंडळाची एखादी कॅसेट असेल, तर ती वाजवणारे यंत्र मिळते आहे तोवर तिची खुल्या स्वरूपातली प्रत करून ठेवा. आवाज टिकण्यासाठी फीत शाबूत असून भागत नाही. ती वाचणारे यंत्रही शिल्लक राहावे लागते. #इतिहास