एप्रिलमधले मतदान
अमेरिकेतील सेंट लुईसचे उपनगर असलेल्या फर्ग्युसनमध्ये 2010च्या जनगणनेनुसार दोन तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते. 2014 साली मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण तिथे पोलिसाच्या गोळीने मारला गेला, तेव्हा सहा सदस्यांच्या नगर परिषदेत कृष्णवर्णीय मात्र एकच. लोकच उदासीन, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण नोव्हेंबर 2012मध्ये अध्यक्ष निवडायला याच गावचे बहुसंख्य मतदार बाहेर पडले होते; पाच महिन्यांनी, एप्रिल 2013च्या स्थानिक निवडणुकीला जेमतेम 12 टक्के फिरकले. माणसे तीच, बदलला तो महिना. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारकांनी पक्षीय टोळ्यांच्या तावडीतून शहरे सोडवण्यासाठी स्थानिक निवडणुका राष्ट्रीय निवडणुकांपासून वेगळ्या काढण्याचा आग्रह धरला. राष्ट्रीय गदारोळात गावचे प्रश्न बुडू नयेत, ही त्यांची काळजी रास्तच. पण फर्ग्युसनचा सर्वांत जळता स्थानिक प्रश्न पोलीस आणि न्यायालयाच्या दंडवसुलीचा होता, आणि ज्यांच्या खिशातून दंड जाई त्यांचाच आवाज परिषदेत सर्वांत क्षीण होता. एप्रिल 2015मध्ये मतदान सुमारे 30 टक्क्यांवर गेले, परिषदेत कृष्णवर्णीय तीन झाले. मग महिन्याला दोष का द्यायचा? कारण एवढ्या वाढीसाठी एक मृत्यू आणि कित्येक महिन्यांची निदर्शने लागली, आणि तरीही दहापैकी सात मतदार घरीच राहिले.