पॉली उम्रीगर यांच्या नावाचा पुरस्कार

लासलगावला कांद्याचे लिलाव आटोपले की चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघतोच. एकदा विचारले, "पॉली उम्रीगर कोण?" कोणालाच सांगता आले नाही.

उम्रीगर सोलापूरचे पारशी. 1944 साली, अठराव्या वर्षी, ते मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत पारशी संघाकडून उतरले. तेव्हा हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मवार संघ असत. 1945-46 नंतर ती स्पर्धा बंद पडली. 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. कसोटीतले भारताचे ते पहिले द्विशतक.

2006-07 पासून बीसीसीआय वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला त्यांच्या नावाचा पुरस्कार देते. पहिला सचिनला मिळाला, 2019-20 चा मोहम्मद शमीला. शमीच्या हातात तो पडला जानेवारी 2024 मध्ये, त्याच हैदराबादेत. मधल्या काळात, ऑक्टोबर 2021 मध्ये, दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर याच शमीला धर्म काढून शिव्या दिल्या गेल्या. कर्णधार कोहली त्याच्या पाठीशी उभा राहिला.

धर्मवार संघ गेले, ती नजर अजून गेलेली नाही. म्हणून आपल्या पोरांना सांगायला हवे, की धर्माच्या संघातून आलेला हा सोलापूरकर पुढे भारताचा कर्णधार झाला.